काय काय करून बघितलीस?

शहापुरात, लुमाण्णा कंग्राळकरांच्या सायकल दुकानामागं
रविवारी दहाच्या पुढं
जुन्या रेडिओंचं खूळ असलेली माणसं बसतात.
यात कुणाला चार पैसे मिळाल्याचं ऐकिवात नाही.
बायका घरी बोलतात, ते बोलू देत.

मी गेले ती उभ्या उभ्याच म्हणाले,
रेडिओ चालत नाही. काय करू?

कुणी मान वर केली नाही.
वाटलं, बाई आली म्हणून.
मग दस्तगीर मकानदार म्हणाला,
'चालत नाही म्हंजे? लंगडतंय काय?'
दोघं फिस्सकन हसले.

लुमाण्णांनी पान्हा खाली ठेवला.
'हसायचं मागनं. आधी स्टूल दे तिला.'
आणि माझ्याकडं वळून,
'काय काय करून बघितलीस?'

काय करणार?
वायर घातली, बटण पिळलं,
शेवटी एक थापड दिली.

'थापड कुठल्या बाजूनं?'

हसत नव्हते. खरंच विचारत होते.
माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पुढचा आठवडाभर मी रेडिओसमोर वही घेऊन बसले.
दिवा लागतो. वास येत नाही.
धारवाड स्वच्छ, बातम्या, भाव, सगळं.
काटा धारवाड सोडून सांगलीकडं निघाला
की एका जागी कचकच, करकर,
पुढं गेलं की परत गप्प.
तीच जागा, रोज.
उजव्या बाजूनं मारलं तर थोडं कमी.

रविवारी वाचून दाखवलं.
दस्तगीर पुढं सरकून बसला.
लुमाण्णा म्हणाले, 'हां. आता झाला प्रश्न.'

तेवढ्यात निरंजन. इंजिनिअरिंगचा, तिसऱ्या वर्षाचा,
माझं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर तयार:
कंडेन्सर बदला, वाल्व बदला, नाहीतर सगळंच बदला.
मागं एकदा त्याचं ऐकून
होनग्याच्या मास्तरांचा सेट धूर सोडून बसला होता.
तो विषय कुणी काढला नाही.
एवढंच, की कुणी लिहून घेतलं नाही.

कोपऱ्यात बसय्या हिरेमठ.
त्यांनी माझी वही मागून घेतली,
मराठी अक्षरांवरून बोट फिरवत दोनदा वाचली,
आणि म्हणाले, 'गोत्तिल्ल.'

माहीत नाही.
चाळीस वर्षं रेडिओ उघडणारा माणूस, चारचौघांत.
इतकं स्वच्छ उत्तर मला
बँकेत, दवाखान्यात, माहेरी, कुठंच मिळालं नव्हतं.

बाहेर रस्त्यावर कुठल्या पाटीवर
कुठली अक्षरं वर नि कुठली खाली
यावरून आरडाओरडा चालला होता.
आत मी मराठीत विचारत होते, ते कन्नडात सांगत होते,
मध्ये कुठं अडलं तर दस्तगीर हातवारे करायचा.

दोन रविवार ते आले नाहीत.
तिसऱ्याला आले, हुक्केरीला कुणाला तरी विचारून.
माझा प्रश्न मी विसरत आले होते,
ते विसरले नव्हते.
'गँगच्या पत्र्यांत बघ. कायतरी शिवतंय.'

घरी दिवा जवळ धरून बघितलं.
दोन पत्र्यांच्या मध्ये
जरीचा एक तुकडा, नखाएवढा,
सासूबाईंच्या मागावरनं उडालेला कधीतरी.
चिमट्यानं काढला.
सांगली लागली.

आता परत जायची गरज नव्हती.
रेडिओ बोलत होता, काम होतं घरात.
पण लुमाण्णांनी एकदा सांगितलं होतं,
उचगावचा एक पोरगा ट्रान्सफॉर्मरचं विचारून गेला,
सहा वर्षं झाली.
'बरा झाला काय मेला, तेवढं तरी येऊन सांगायचं की.
मी अजून त्याच्यावर अडकलोय.'

म्हणून गेले. जरीचा तुकडा कागदात बांधून नेला.
बसय्यांनी तो उजेडात धरला,
खूप वेळ.
मग त्यांच्या वहीत लिहिलं, कन्नडात: जरी.
खाली माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं.

आता संध्याकाळी सातनंतर
धारवाडच्या मागं कुणीतरी घोरल्यासारखा आवाज येतो.
विचारणार आहे.
आधी बघते, कुठल्या बाजूनं.